पुढचा कन्सोल मे महिन्यात नगरला तपासा

मा. मार्क सर्नी यांस,
प्लेस्टेशन ४ आणि प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार



९ ऑक्टोबर २०२५ रोजी एएमडी कंपनीच्या जॅक ह्युन यांच्यासोबत तुम्ही जो व्हिडिओ प्रसिद्ध केलात, तो मी संगमनेरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शटर अर्धं ओढून घेऊन पाहिला. त्यात तुम्ही तीन गोष्टी समजावून सांगितल्यात. ‘रेडियन्स कोअर’, म्हणजे प्रकाशकिरणांचा मागोवा घेणारा चिपमधला वेगळा भाग. ‘न्यूरल अॅरे’, म्हणजे चिपमधल्या सुट्या सुट्या गणनकेंद्रांना एकजुटीने कामाला लावून कमी तपशिलाचं चित्र रेखीव करण्याची सोय. आणि ‘युनिव्हर्सल कॉम्प्रेशन’, म्हणजे मेमरीकडे जाणारी सगळी माहिती दाबून पाठवणं, जेणेकरून वाट मोकळी राहील. हे सगळं अजून सिम्युलेशनमध्येच आहे, पण काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायला मी उत्सुक आहे, असंही तुम्ही म्हणालात.

प्लेस्टेशन ६ हे नाव तुम्ही घेतलं नाही. तरी त्या दिवसापासून माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांचा दुसरा विषय नाही. डिस्क असेल का? हातात धरून खेळता येईल का? जुने गेम चालतील का? आणि किंमत? प्रत्येकाचा आपला अंदाज आहे. माझेही आहेत. पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं असं वाटलं, त्याला कारण आहे. कन्सोलची चिप बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरते, आणि एकदा ठरली की सात-आठ वर्षं सगळ्यांना तिच्यावरच भागवावं लागतं. ज्याला काही मागायचं असेल त्याने आत्ताच मागावं.

मार्च २०२० मध्ये ‘रोड टू पीएस५’ या भाषणात तुम्ही सांगितलं होतं की, दर दोनेक वर्षांनी तुम्ही गेम बनवणाऱ्यांकडे दौरा काढता. दोन डझनांहून जास्त कंपन्यांना भेटता आणि पुढच्या यंत्रात काय हवं ते विचारता. त्यांनी सर्वांत जास्त वेळा एसएसडी मागितली. तुम्ही ती दिलीत, तीही सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणारी. विचारलंत म्हणून यंत्र सुधारलं. माझी विनंती एवढीच आहे की, गेम बनवणाऱ्यांना जे विचारता ते गेम खेळणाऱ्यांनाही विचारा, आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्यात या.

आमचा जिल्हा म्हणजे अहमदनगर. आता कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना मात्र नगरच. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा धो धो पाऊस. मधल्या पट्ट्यात प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवरचा ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेला कर्जत-जामखेडचा कोरडा माळ. तुमचं यंत्र जगात कुठेकुठे वापरलं जाऊ शकतं हे एका जिल्ह्यात पाहायचं असेल, तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

सुरुवात उन्हापासून करतो. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात यंत्र वापरण्याचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलेलं आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वर पत्रा असेल तर खोलीतली हवा संध्याकाळी आठ वाजताही तापलेलीच असते. शाळांना सुट्टी याच दिवसांत लागते. म्हणजे मुलांना खेळायला वेळ मिळतो, नेमका तेव्हाच यंत्राला न मानवणारा हंगाम असतो.

त्यात धूळ. माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या कन्सोलचं झाकण काढलं की आधी पंखा दिसत नाही, त्यावरचा थर दिसतो. तो थर एकसारखा नसतो. वर कापसासारखा मऊ, करडा. त्याच्या खाली बारीक तांबूस माती. आणि यंत्र राहाता, श्रीरामपूर किंवा कोपरगावकडून आलेलं असेल, तर अगदी तळाला काळी, चिकट भुकटी. ती साखर कारखान्याच्या धुराड्यातून येते. गळीत हंगामात चिपाड जाळल्यावर जी राख उडते, ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पापडांवर बसते, आणि कन्सोलच्या आत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांच्या फटींत जाऊन बसते. फटी बुजल्या की हवा निघत नाही. पंखा जोर लावतो, घरघरतो, आणि एका संध्याकाळी ऐन सामन्यात यंत्र आपोआप बंद होतं. मऊ ब्रशने एकेक फट मोकळी करायला अर्धा दिवस जातो. कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, ही राख कोणालाच सोडत नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये धूळ एका जागी साठवणाऱ्या खाचा दिल्यात, त्या व्हॅक्यूमने साफ करता येतात. दिशा बरोबर आहे. पण व्हॅक्यूम क्लीनर किती घरांत असतो? पुढच्या यंत्राला हवा आत येते तिथे अशी जाळी द्या, जी हाताने निघेल, नळाखाली धुता येईल आणि वाळवून परत बसवता येईल. स्क्रू खोलायला नको, दुकानात यायला नको. माझा धंदा त्याने कमी झाला तरी चालेल. आणि यंत्राची चाचणी ४५ अंशांच्या खोलीत करा.

दुसरी गोष्ट विजेची. आमच्याकडे ‘लाइट गेली’ ही बातमी नसते. पावसाळ्यात झाड तारेवर पडतं, उन्हाळ्यात रोहित्र जळतं, दाब कधी खाली तर कधी वर. गेम चालू असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ‘नीट बंद केलं नव्हतं’ अशी सूचना येते आणि साठवण तपासणी सुरू होते. मुलगा जीव मुठीत धरून पडद्याकडे बघत बसतो, कारण आठवडाभराचा खेळ त्यात असतो. याला इलाज अवघड नाही. आत एक छोटी बॅटरी किंवा मोठा कपॅसिटर द्या, जो वीज गेल्यावर फक्त काही सेकंद यंत्र जागं ठेवेल. तेवढ्यात खेळ जिथे आहे तिथे साठवून यंत्राने स्वतः शांतपणे बंद व्हावं. तुमच्या एसएसडीचा वेग पाहता काही सेकंद खूप झाले.

तिसरी गोष्ट डिस्कची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२३ मध्ये आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन ५ चा डिस्क ड्राइव्ह वेगळा काढता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर ड्राइव्ह दिलेलाच नाही, तो निराळा विकत घ्यावा लागतो. यावरून पुढच्या यंत्रात डिस्क उरणार नाही, असा अंदाज जगभर बांधला जातोय. तो खोटा ठरावा ही माझी इच्छा आहे, आणि त्यामागे साधं गणित आहे. मोठा गेम आज १०० गिगाबाइटच्या घरात जातो. आमच्या बहुतेक घरांत इंटरनेट म्हणजे मोबाइलवरचा रोजचा दोन गिगाबाइटचा रिचार्ज. तो सगळाच्या सगळा गेमला दिला, कोणी एक फोटोही उघडला नाही, तरी एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील. डिस्क असेल तर पाच मिनिटांत बसवायला घेता येतो.

शिवाय डिस्क फिरते. एक जण नवी घेतो, संपवून मित्राला देतो, मित्र ती देऊन दुसरी आणतो. वर्षभरात तीच डिस्क घुलेवाडीतून अकोल्याला आणि तिथून सिन्नरला जाते. घरात नवा गेम घ्यायला दरवेळी चार-पाच हजार रुपये निघत नाहीत, पण चार मित्रांत मिळून एक निघतो. डिस्क काढून टाकली की हा सगळा व्यवहार संपेल आणि अशा मुलांच्या हाती फक्त फुकटचे मोबाइल गेम उरतील.

रचनेतला एक छोटा निर्णय अख्ख्या देशाला कसा बाहेर ठेवतो, हे प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनी कंपनीने पाहिलेलं आहे. प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला, भारतात आला नाही. त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे परवानगी नव्हती, हे कारण कंपनीनेच दिलं. सहा महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, केंद्राच्या दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. सरकारी गतीने का होईना, चाक फिरलं. पण तो पट्टा जिथे चालत नाही तिथे तो बंद ठेवून बाकी यंत्र विकता येईल, अशी सोय पुढच्या वेळी आधीपासूनच ठेवा. प्लेस्टेशन ५ सुद्धा जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि आमच्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. ४९,९९० रुपये किंमत होती, ती नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाली. एवढे पैसे मोजणाऱ्याला रांगेत शेवटी उभं करू नये.

हातात मावणाऱ्या यंत्राबद्दलही बरंच बोललं जातंय. तसं काही तुमच्या मनात असेल तर जरूर करा. १९८९ चा निन्टेन्डो गेम बॉय आठवा. गुनपेई योकोई यांनी रंगीत पडदा बाजूला ठेवला, जुनं, स्वस्त, कसाला उतरलेलं तंत्र निवडलं आणि चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालणारं यंत्र दिलं. त्याच्याहून ताकदवान स्पर्धक मागे पडले. वीज जाणाऱ्या घरात, शेतावर, एसटीच्या प्रवासात हातातलं यंत्र उपयोगी पडेल. फक्त त्याचे गेम आणि टीव्हीला जोडायच्या यंत्राचे गेम वेगळे नकोत. एकदा घेतलेला गेम दोन्हीकडे चालावा.

आणि एका टीव्हीसमोर चौघांनी बसून खेळण्याची सोय जाऊ देऊ नका. आमच्याकडे कन्सोल एकट्याच्या खोलीत नसतो, बाहेरच्या खोलीत असतो. दिवाळीला आत्याची, मामाची मुलं आली की चटईवर ओळीने बसतात. ‘हरला की रिमोट पुढे’ हा नियम. कंट्रोलरला सगळे रिमोटच म्हणतात. आजी मध्येच विचारते, ‘आपला कोणता?’ तिलाही कळावं असं वाटत असेल तर पडद्यावर मराठी हवी. खालची वाक्यं तरी देवनागरीत हवीत, आणि ती नीट: जोडाक्षरं न फुटणारी, ‘दुसऱ्या’मधला र बरोबर दाखवणारी, ‘ळ’ न विसरणारी. हे काम एकेका गेमवर न सोपवता यंत्राच्या मूळ प्रणालीतच करून ठेवा. मग छोट्यातल्या छोट्या कंपनीलाही मराठी देणं सोपं जाईल.

आता गेमबद्दल. इथे मला तुमच्याकडे तक्रार नाही, आशा आहे. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ निघाला होता, त्यात कबड्डी होती, विटी-दांडू होता. सुरुवात म्हणून ते ठीक होतं. नंतर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ बनवला. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग प्लेस्टेशन ४ वर आला. भारतीय कथा, भारतीय वास्तू, आणि कारागिरी जगाच्या तोडीची. सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हिरो प्रोजेक्ट’ सुरू केला. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ त्यातलाच. १६ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. पैसा येतोय, हात तयार होताहेत. तुमच्या नव्या यंत्राच्या ताकदीला साजेसा विषय मात्र हवा, आणि तो आमच्या जिल्ह्यात जागोजागी पडलेला आहे.

तुमच्या रेडियन्स कोअरची परीक्षा कुठे घ्यायची ते सांगतो. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, आणि अनेकदा ती पाळी रात्रीची असते. मध्यरात्री शेतकरी उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला निघतो. ऊस डोक्याच्या वर गेलेला. बॅटरीचा झोत सरीत घुसतो आणि पानापानावर तुटतो. पाचटावर पिवळा पडतो, सरीतल्या पाण्यावरून उसळून पानांच्या खालच्या बाजूला लागतो, आणि दोन हातांपलीकडे काळोख. कुठेतरी पाचट वाजतं. पाणी फुटलं, कोल्हा गेला, की बिबट्या? माणूस थांबतो, कान देतो, खोकतो, मोबाइलवर मोठ्याने गाणं लावतो आणि पुढे जातो, कारण लाइट आहे तोवर भरणं झालंच पाहिजे. प्रकाश आणि आवाज एवढ्यावरच पेललेला असा खेळ मी अजून पाहिलेला नाही. त्यात बंदूक नको. स्टार्टर चालू करायचा, सगळ्या सऱ्या भिजवायच्या आणि उजाडायच्या आत घरी यायचं. बिबट्यालाही त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं.

बिबट्या ही आमच्याकडे कल्पना नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याआधी २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बसवून माळशेज घाटात सोडलं. तो तिथून महामार्ग ओलांडत, कसाऱ्याच्या रेल्वे स्टेशनाजवळून, वसईची खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. माणसांच्या एवढ्या गर्दीतून गेला, पण कोणावर हल्ला केला नाही. त्याला आजोबा हे नाव पडलं. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही आला. पण पडद्यावर त्याला बघणं वेगळं आणि त्याच्या पायांनी चालणं वेगळं. कुत्रं भुंकलं की थांबायचं, दिव्यांच्या कडेकडेने जायचं, रूळ ओलांडायची वेळ कानाने ठरवायची. अशा खेळातून नगरच्या किंवा मुंबईच्या मुलाला बिबट्याची भीती आणि त्याची बाजू, दोन्ही एका रात्रीत कळतील.

ज्यांना लढाई हवी त्यांच्यासाठी नगरचा भुईकोट किल्ला आहे. १५९५-९६ मध्ये मुघल शहजादा मुरादच्या फौजेने वेढा घातला, सुरुंग लावून तट उडवला. चांदबीबी स्वतः भगदाडाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारला गेला. भिंत पाडण्याचे गेम पुष्कळ झाले. एका रात्रीत भिंत बांधून काढण्याचा गेम कोणी करेल का?

आणि ज्यांना डोकं चालवायचं आहे त्यांच्यासाठी हिवरे बाजार. नगर तालुक्यातलं हे पर्जन्यछायेतलं गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढे गावाने पाण्याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे हे मोजायचं आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. खेळणाऱ्याला इथे शेजाऱ्याला हरवायचं नाही, त्याचं मन वळवायचं आहे, कारण पाणी सगळ्यांचं एकच आहे. नव्या यंत्राच्या जोरावर ग्रामसभेतलं प्रत्येक पात्र आपल्या गरजेने, आपल्या हट्टाने बोलू लागलं, तर याहून चुरशीचा खेळ शोधावा लागेल.

एक गोष्ट पालकांच्या बाजूने. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. आमच्या भागात त्या खेळांनी घरं पोळली आहेत, त्यामुळे ‘गेम’ म्हटलं की आई-वडिलांच्या कपाळाला आठी पडते. त्यांची भीती खरी आहे. तुमच्या यंत्रावरही गेमच्या आत पैसे उकळणाऱ्या पेट्या आणि नाणी येऊ देऊ नका. एकदा डिस्क घेतली की पूर्ण गेम हातात पडला पाहिजे. या घरांचा विश्वास तुम्हाला त्यानेच मिळेल.

थोडक्यात मागणं असं: धुता येणारी जाळी, वीज गेल्यावरचे काही सेकंद, इंटरनेटशिवाय चालणारा डिस्क ड्राइव्ह, चौघांनी बसून खेळायची सोय, आणि नीट मराठी. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. प्रकाशाचा प्रत्येक किरण मोजणाऱ्या माणसाला हे जड नाही. आणि हे फक्त आमच्यासाठीही नाही. ऊन, धूळ, महागडं इंटरनेट आणि एका टीव्हीभोवती बसणारं कुटुंब निम्म्या जगात आहे. प्लेस्टेशन २ सोळा कोटींहून जास्त विकला गेला, कारण तो अशाही घरांत पोचला.

पुढच्या दौऱ्यात पुण्याला गेम बनवणाऱ्यांना भेटायला आलात, तर संगमनेर तिथून साधारण दीडशे किलोमीटर आहे. यंत्राचा नमुना सोबत आणा. मे महिन्यात या, पत्र्याच्या खोलीत तो मुलांच्या हाती द्या आणि आठवडाभर तिथेच राहू द्या. मग झाकण आपण दोघं मिळून उघडू, आणि आत जे दिसेल त्यावरून राहिलेला आराखडा ठरवा.

आपला नम्र,
संगमनेरचा एक कन्सोल दुरुस्त करणारा आणि खेळणारा
जि. अहिल्यानगर